सातारा ते आंबेनळी दगडांची सहल: माहिती एक नंबर, जेवण नापास

आधीच सांगतो, मी काय दगडातला माणूस नाही. कोरेगाव तालुक्यात आमचं दूध संकलन केंद्र आहे, रोज सकाळ-संध्याकाळ कॅन उतरवून घ्यायचे, फॅट-एसएनएफ (फॅट आणि पाणी सोडून दुधात जे राहतं ते) काढायचं, पावती द्यायची आणि ज्याची फॅट कमी लागली त्याचं बोलणं ऐकून घ्यायचं, असं एकवीस वर्षं चाललंय. सुट्टी हा प्रकार म्हशीला नसतो तसा आम्हालाही नसतो. पण बहिणीचा मुलगा साताऱ्यात अकरावी सायन्सला आहे, त्यानं व्हॉट्सॲपवर या सहलीचं पोस्टर पाठवलं, वर लिहिलं "मामा एक दिवस चला की, नायतर तुम्ही कुठं जाताय", आणि मी पण भावाच्या गळ्यात केंद्र मारून हो म्हणलं.

सहल कुणाची ते नाव लिहीत नाही, कारण खाली थोड्या शिव्या आहेत आणि माणसं मनानं वाईट नाहीत. माणशी ११०० रुपये, त्यात गाडी, नाष्टा, जेवण, चहा आणि दगड समजावून सांगणारे एक सर. सातारा, वाई, पसरणी घाट, पाचगणी, महाबळेश्वर, मग आंबेनळी घाटात थोडं खाली उतरायचं आणि परत. पोस्टरवर मोठ्या अक्षरात "रीयुनियनच्या ज्वालामुखीतून साताऱ्यापर्यंत" असं काहीतरी होतं. मला रीयुनियन म्हणजे शाळेचं गेट-टुगेदर वाटलं, भाचा हसून हसून लोळला. ते हिंदी महासागरातलं बेट आहे, मॉरिशसच्या शेजारी, आणि तिथं आजही ज्वालामुखी चालू आहे.

गाडीचं आधी उरकून घेतो. सकाळी ६ ला पोवई नाक्यावर या म्हणाले. फेब्रुवारीची थंडी, मी कोरेगावातून निघून पावणेसहाला हजर. गाडी आली ६:४० ला, सुटली ६:५० ला. अहो आमच्याकडं टँकर दहा मिनिटं लवकर येतो आणि दूध पाच मिनिटं उशिरा आलं तर परत जातं, त्यामुळं ही पन्नास मिनिटं माझ्या पोटात दुखायला लागली. गाडी सतरा सीटची, माणसं अठरा, शेवटी सर स्वतः ड्रायव्हरशेजारी प्लास्टिकच्या स्टुलावर बसले आणि प्रत्येक वळणाला हँडलला लोंबकळत माईकवर बोलत राहिले. माईक पण अर्धा वेळ खरखरत होता. वाईत नाष्टा झाला, मिसळ बरी होती, त्याबद्दल तक्रार नाही.

खरी सहल सुरू झाली पसरणी घाटात. रोज हजार गाड्या तिथनं जातात, मी स्वतः पन्नास वेळा गेलो असेन, पण रस्त्यासाठी डोंगर कापलेली ती भिंत कधी नीट बघितली नव्हती. सरांनी गाडी थांबवली आणि म्हणाले बोलू नका, दोन मिनिटं नुसतं बघा. खाली काळा कातळ, त्याच्यावर हात-दीड हात जाडीचा लाल पट्टा, अगदी गेरूसारखा, बोटाला लागतो, आणि त्याच्यावर परत काळा कातळ. त्या वरच्या कातळाच्या बुडाला बारीक बारीक नळ्या उभ्या, म्हणजे गरम लाव्हा ओलसर जमिनीवर येऊन पसरला तेव्हा खालची वाफ वर जायला लागली त्याच्या त्या खुणा. लाल पट्टा म्हणजे दोन लाव्ह्यांच्या मधला थांबा. एक थर आला, थंड झाला, त्याची माती व्हायला वेळ मिळाला, मग दुसरा त्याच्यावर आला आणि ती माती भाजली. वर मान केली तर असे थर एकावर एक, सह्याद्रीच्या त्या पायऱ्या पायऱ्या दिसतात ना, त्या अशाच. या दख्खनच्या लाव्हा थरांना इंग्रजीत डेक्कन ट्रॅप म्हणतात, त्यातला ट्रॅप म्हणजे सापळा नाही बरं का, स्वीडिश भाषेत पायरीला जो शब्द आहे त्यावरनं ते आलंय.

भाच्यानं खाली पडलेला एक तुकडा उचलला. हातोडा चालवायला बंदी होती, पडलेलंच उचलायचं, हा नियम मला आवडला. तुकड्यात मुगाएवढी भोकं आणि प्रत्येक भोकात पांढरट-गुलाबी काहीतरी भरलेलं. सरांनी ड्रॉपरनं पातळ ॲसिडचा थेंब टाकला. एका भोकात फस्स करून फेस आला, शेजारच्या भोकात काहीच नाही. फेस आला ते कॅल्साइट, नाही आला ते झिओलाइट. लाव्ह्यातला गॅस निघून जाताना फोड राहिले आणि मग पुढं कधीतरी कोमट पाणी त्यातनं फिरून त्या भोकांमध्ये हे स्फटिक जमा करून गेलं. म्हणजे दगडाचं वय वेगळं आणि भोकातल्या मालाचं वेगळं. हे लक्षात ठेवा, पुढं लागतंय.

मग सरांनी एक खेळ केला. गाडीच्या डिकीतनं पिशवी काढली, रस्त्याच्या कडेला पेपर अंथरला आणि त्याच्यावर चार काळे दगड ठेवले, मुठीएवढे, चारही ताजे फोडलेले. ओळखा, वेगळा कुठला? अठरा माणसं पेपराभोवती वाकून बघतायत, येणारे ट्रकवाले हॉर्न मारतायत. एक भिंग होतं, सगळ्यांत मिळून एकच, ते हातोहात फिरत होतं आणि ही पण तक्रार लिहून ठेवतो, ११०० रुपये घेता तर शंभर रुपयेवाली चार भिंगं आणा की राव. भिंगातनं काळ्या दगडात बारीक पांढऱ्या काड्या चमकताना दिसतात, ते प्लॅजिओक्लेज, मधला काळपट भाग पायरॉक्झिन, आणि चिमूटभर लोखंडाचं खनिज. लोखंड बघायला सरांनी खराब झालेल्या हार्डडिस्कमधलं चुंबक दोऱ्याला बांधून आणलं होतं, दगडाजवळ नेलं की दोरा तिरका होतो. भारी वाटलं ते. पण चारातला वेगळा कुठला ते एकालाही सांगता आलं नाही. भाच्यानं एक उचलून "हा" म्हणून ठासून सांगितलं, चुकला.

सर म्हणाले, चारही वेगळे आहेत, पण डोळ्यांना नाही, मशीनला.

इथं मला पहिल्यांदा वाटलं की अरे हे तर आमच्या केंद्रावरचं बोलणं झालं. शहरातली माणसं येतात, दूध बघतात, म्हणतात पांढरं तर आहे. पांढरं सगळंच असतं. गाईचं ३.५ फॅट ८.५ एसएनएफ, म्हशीचं ६ आणि ९, पाणी मारलं तर दोन्ही पडणार, साय काढली तर फॅट पडणार पण एसएनएफ तेवढं नाही, आणि म्हशीच्या दुधात गाईचं ओतलं तर आकडे मधेच कुठंतरी लटकणार. डोळ्यांनी मला पण कळत नाही, एकवीस वर्षं झाली तरी. मी हे सरांना बोलून दाखवलं आणि तिथनं पुढं दिवसभर त्यांनी सगळं दुधातच सांगितलं, बाकीच्यांना कंटाळा आला असेल तर माफ करा.

तर दगडाचं असं आहे. जमिनीखाली आधी कवच, आपल्याकडं ते ग्रॅनाइट आणि नाइससारख्या जुन्या खडकांचं, त्याच्या खाली मँटल. मँटल म्हणजे पातळ लाव्ह्याचा समुद्र नाही, हा गैरसमज माझाही होता. तो घट्टच खडक आहे, पेरिडोटाइट नावाचा, हिरवट, मॅग्नेशियमनं भरलेला. तो गरम असून वितळत नाही कारण वरून दाब आहे. तोच खडक हळूहळू वर सरकला, दाब कमी झाला, की त्यातला थोडा भाग वितळतो, आणि तो वितळलेला भाग म्हणजे आपल्या बेसॉल्टचं, म्हणजे या काळ्या कातळाचं, मूळ. पण आपल्या दगडात मॅग्नेशियम ऑक्साइड साधारण पाच-सात टक्के आणि मँटलमध्ये ४० टक्क्यांच्या आसपास. थेट मँटलमधनं सुटलेला रस असता तर याच्यापेक्षा खूप जास्त निघाला असता. मग बाकीचं गेलं कुठं? वर येताना वाटेत हा रस कुठंतरी खोलात थांबला, थोडा थंड झाला, आणि ऑलिव्हिन नावाचं मॅग्नेशियमवालं खनिज आधी गोठून खाली बसलं. म्हणजे आपल्या घाटात जे आलं ते सेपरेटरमधनं निघालेलं दूध, लोणी खालीच राहिलं. (सेपरेटरमध्ये साय वर येते आणि इथं ऑलिव्हिन खाली बसतं, हे मला पण माहितीय, लगेच कमेंट करू नका.)

ही झाली साय काढणं. दुसरी गोष्ट पाणी मारणं. वर येताना हा गरम रस ग्रॅनाइटच्या भिंतींना घासत येतो, थोडी भिंत वितळून त्यात मिसळते. ते मिसळलंय का नाही हे कसं कळणार, तर स्ट्रॉन्शियमवरनं. रुबिडियम ८७ नावाचा अणू हळूहळू स्ट्रॉन्शियम ८७ होतो, इतका हळू की निम्मं व्हायला जवळपास ४९ अब्ज वर्षं लागतात. रुबिडियमला वितळलेल्या रसात जायची हौस, त्यामुळं अब्जावधी वर्षांत मँटलमधलं रुबिडियम बरंचसं वर कवचात येऊन बसलं. कवच जुनं, रुबिडियम जास्त, म्हणून तिथं स्ट्रॉन्शियम ८७ साठत गेलं. मँटलमध्ये ते कमीच राहिलं. मग स्ट्रॉन्शियम ८७ किती आहे त्याला स्ट्रॉन्शियम ८६ किती आहे त्यानं भागायचं आणि आकडा बघायचा. आणि साय कितीही काढा, हा आकडा बदलत नाही. फक्त दुसरं काही मिसळलं तरच बदलतो. हे ऐकल्यावर मी अक्षरशः रस्त्यात उभा राहून विचार करायला लागलो की असलं एखादं मशीन आम्हाला मिळालं तर निम्मी भांडणं संपतील.

सरांनी प्रत्येकाला लॅमिनेट केलेलं एक कार्ड दिलं होतं, हे या सहलीतलं सगळ्यात चांगलं काम. त्यावर चार दगडांची नावं आणि आकडे. सगळ्यात खालचा थर बुशे, त्यावर पोलादपूर, त्यावर आंबेनळी आणि डोक्यावर महाबळेश्वर. यातले वरचे तीन वाई उपगटात येतात. आपल्याला वाई म्हणलं की ढोल्या गणपती, मेणवलीचा घाट आणि पिक्चरचं शूटिंग आठवतं, पण जगातल्या कुठल्याही भूगर्भवाल्याला वाई म्हणलं की हे थर आठवतात, हे मला पन्नाशीला आल्यावर कळतंय म्हणजे कमाल आहे. ऑक्सफर्डचे कीथ कॉक्स आणि ब्रिटनच्याच ओपन युनिव्हर्सिटीचे ख्रिस हॉक्सवर्थ यांनी महाबळेश्वरच्या घाटातले दगड खालून वरपर्यंत क्रमानं घेऊन १९८४-८५ च्या सुमाराला हे छापलं, आणि आयआयटी मुंबईच्या के. व्ही. सुब्बाराव यांच्यासारख्यांनी पुढं ते थर सगळ्या सह्याद्रीत जुळवत नेले.

आता आकडे. आंबेनळीचा स्ट्रॉन्शियमचा आकडा ०.७०४ च्या आसपास. पोलादपूरचा ०.७०५ पासून ०.७११ पर्यंत. बुशेचा ०.७१३ आणि त्याच्याही वर. मी म्हणलं सर यात फरक काय, तिसऱ्या घरातला आकडा हललाय नुसता. ते म्हणाले, तुमच्याकडं ०.१ फॅटवरनं भांडणं होत नाहीत का? गप्प बसलो. सरळ भाषेत आंबेनळीचं दूध जवळपास निर्भेळ, पोलादपूरमध्ये भेसळ आणि बुशेमध्ये सगळ्यात जास्त. आणि एक उलटी गोष्ट सांगितली. माझा अंदाज होता की जो रस जास्त वेळ खाली थांबला, जास्त थंड झाला, त्यात भेसळ जास्त असेल. बुशेमध्ये नेमकं उलटं दिसतं, जे जास्त मॅग्नेशियमवाले म्हणजे जास्त गरम, त्यांच्यात भेसळ जास्त. कडक चहात साखर पटकन विरघळते आणि कोमट चहात तळाला राहते, तसं गरम रसानं भिंत जास्त खाल्ली.

आणि महाबळेश्वर? इथं मजा आहे. स्ट्रॉन्शियमचा आकडा आंबेनळीपेक्षा थोडाच वर, ०.७०४ ते ०.७०५ च्या घरात, पण पोटॅशियम, बेरियम, आणि नुसतं स्ट्रॉन्शियम किती आहे ते, हे सगळं जास्त. ग्रॅनाइटची भेसळ असती तर आकडा पोलादपूरसारखा उडाला असता. म्हणजे ही भेसळ कवचाची नाही, दूधच वेगळ्या जनावराचं. संशोधकांचं म्हणणं, भारतीय प्लेटच्या बुडाला जो जुना मँटल चिकटलेला आहे, ज्यात आधीच कधीतरी असले पदार्थ मुरलेत, त्याचा वाटा यात आहे. भाचा म्हणला, "मामा, म्हणजे पातेल्याच्या बुडाची खरवड." सर हसले आणि म्हणाले हे मी पुढच्या सहलीला वापरणार. वापरा, पण पैसे कमी करा.

पाचगणीला टेबललँडवर जांभा बघितला. तिथं गर्दी, घोडे, मक्याची कणसं, मला फार काही वाटलं नाही. मुद्दा एवढाच की लाखो वर्षांच्या पावसानं बेसॉल्टमधली सिलिका धुऊन नेली आणि लोखंड-ॲल्युमिनियम राहिलं, तोच हा जांभा, कास पठाराच्या डोक्यावर पण हाच. म्हणून रसायन तपासायला असला सडलेला दगड चालत नाही. वरची साल हातोड्यानं काढायची, भोकातला झिओलाइट असलेला भाग टाकायचा (म्हणूनच मगाशी लक्षात ठेवा म्हणलं), मग आतला ताजा तुकडा फोडून त्याची मैद्यासारखी पावडर करायची आणि मग मशीनला. सॅम्पल घेण्यात चूक झाली तर दहा कोटीचं मशीन पण खोटं बोलतं, असं सर म्हणाले. हे आमच्या गावातल्या प्रत्येकाला ऐकवायला पाहिजे, कॅन न ढवळता वरचं वरचं सॅम्पल देतात आणि मग फॅट जास्त आली की खूश, कमी आली की मशीन खराब.

जेवण. पोस्टरवर पिठलं-भाकरी, ठेचा, इंद्रायणीचा भात. प्रत्यक्षात थर्माकोलच्या डब्यात गार पुलाव आणि पापड. विचारलं तर म्हणाले भाकरीवाल्या मावशी आल्या नाहीत. होतं असं, मान्य, पण सकाळी ग्रुपवर टाकलं असतं तर आम्ही घरनं भाकरी बांधून आणली असती. आमच्यातल्या एक रिटायर्ड शिक्षिका होत्या, त्यांना शुगर, त्यांनी पापड आणि पेरू खाऊन दिवस काढला. बायकांसाठी बाथरूमची सोय नीट विचारून ठेवलेली नव्हती, दोनदा हॉटेलवाल्याच्या विनवण्या कराव्या लागल्या. हे सुधारायलाच पाहिजे.

दुपारी आंबेनळी घाट. महाबळेश्वर सोडून प्रतापगडच्या रस्त्याला लागलं की जसं खाली उतरतो तसं काळात मागं जातो, वरचा थर नवा, खालचा जुना. एका कातळासमोर थांबलो, खाली जावळीची दरी, समोर उन्हात धुरकट झालेले डोंगर आणि प्रत्येक डोंगराला त्याच रेघा त्याच उंचीला. सरांनी सांगितलं या थरांना दक्षिणेकडं अगदी बारीक उतार आहे, एक अंशापेक्षा कमी, त्यामुळं महाबळेश्वरला जो थर डोक्यावर आहे तो दक्षिणेला जाता जाता खाली येतो आणि त्याच्यावर पन्हाळ्याचे थर बसतात. आणि पुढं जे सांगितलं त्यावर माझा आधी विश्वासच बसला नाही. आंध्रात राजमहेंद्रीला गोदावरीच्या काठी बेसॉल्टचे थर आहेत, त्यांचं रसायन या आंबेनळी आणि महाबळेश्वरच्या थरांशी जुळतं. मधे आठ-नऊशे किलोमीटरचं अंतर. बऱ्याच जणांचं मत असं की हाच लाव्हा जुन्या नदीच्या खोऱ्यातनं वाहत तिथपर्यंत गेला. हे पण कार्डवरच्या आकड्यांवरनंच. नुसता काळा दगड बघून कोण म्हणणार की हा साताऱ्याचा पाहुणा आहे.

वयाचं पण सांगितलं. हे सगळं साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचं आणि बहुतेक माल दहा लाख वर्षांच्या आत बाहेर पडला. बेसॉल्टमध्ये वय काढायला सोपा स्फटिक सहसा मिळत नाही, म्हणून अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या ब्लेअर शोन यांच्या टीमनं सकाळी बघितला तसल्या लाल पट्ट्यांमधनं झिरकॉन नावाच्या स्फटिकाचे कण काढले आणि त्यावरनं वय काढलं, तर तिकडच्याच बर्कली विद्यापीठाच्या टीमनं खुद्द लाव्ह्यातल्या खनिजांमधला आर्गॉन वायू मोजून काढलं. एकूण काळावर दोघांचं साधारण एकमत, पण मेक्सिकोत ती उल्का पडली तेव्हा आपल्याकडं नेमका कुठला थर वाहत होता, यावर वाद. डायनासोर कुणी मारले, उल्केनं का आपल्या डोंगरानं, यावर गाडीत वीस मिनिटं गोंधळ झाला आणि सरांनी तो होऊ दिला. मधेच चुंबकाचं पण निघालं, की लाव्हा गोठताना त्यातलं लोखंड त्या वेळच्या चुंबकीय उत्तरेकडं तोंड करून गोठतं, आणि खालच्या बऱ्याच थरांत ती दिशा आजच्या उलटी आहे, महाबळेश्वरच्या थरांत वर जाता जाता सुलटी होते.

आता पोस्टरवरच्या रीयुनियनबद्दल. सरांनी सकाळी एकदम ठोकून दिलं होतं, आपला देश ज्वालामुखीच्या त्या ठिकाणावरनं वर्षाला १५ सेंटिमीटरच्या पुढच्या वेगानं उत्तरेला सरकत होता, खालनं मँटलचा गरम खांब वर आला, दख्खन तयार झालं, मग तोच खांब मागं राहिला आणि लक्षद्वीप, मालदीव, चागोस, मॉरिशस करत आज रीयुनियनखाली आहे. १९८७ ला जहाजावरनं समुद्रात बोअर मारले तेव्हा वयं पण तशीच उतरत्या क्रमानं आली, मालदीवजवळ ५ कोटी ७० लाखाच्या आसपास, चागोसजवळ ४ कोटी ९० लाखाच्या आसपास. झकास गोष्ट. पण माझ्या डोक्यात फॅट. मी विचारलं, सर, मग रीयुनियनच्या दगडाची आणि आपल्या आंबेनळीची फॅट जुळते का?

सर थोडे थांबले. मग म्हणाले, बरोबर नाही जुळत. आंबेनळीचा निर्भेळ दगड रीयुनियनपेक्षा हिंदी महासागराच्या तळाला मधल्या डोंगररांगेत जो साधा बेसॉल्ट निघतो त्याच्या जास्त जवळ जातो. काही जण म्हणतात खांबानं आजूबाजूचा साधा मँटल पण ओढून आणला, दोन्ही मिसळले. आणि आयआयटी मुंबईच्या हेतू शेठ यांच्यासारखे काही जण म्हणतात खांबाची गरजच नाही, प्लेट ताणली, फाटली, त्यातनंच हे झालं. उलट बाजूनं राजस्थानातल्या मुंडवारा आणि सरनू-दंडालीच्या दगडांत जो हेलियम मिळालाय त्यात हेलियम ३ चं प्रमाण हवेतल्यापेक्षा चौदा पटीच्या आसपास आहे, समुद्राच्या मधल्या रांगेत ते आठ पट असतं, म्हणजे काहीतरी खोलातनं आलं असं म्हणायला जागा आहे. बहुतेक लोक अजून खांबाच्या बाजूनं आहेत, पण वाद मिटलेला नाही, असं ते म्हणाले. आणि मग स्वतःच म्हणाले, पोस्टर मी नाही केलं.

याच्यासाठी मी एक स्टार वाढवतो. पोस्टरवर एक आणि विचारल्यावर खरं, पण निदान विचारल्यावर तरी खरं.

परत येताना कोयनेच्या भूकंपाचा विषय निघाला. आमचे वडील ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचं सांगायचे, भांडी फळीवरनं पडली, गुरं दावी तोडून पळाली, सगळं गाव अंगणात. मी विचारलं की या सगळ्या लाव्ह्याच्या खाली काय आहे हे कुणी बघितलंय का. तर बघितलंय. कोयनेचे भूकंप समजून घ्यायला गोठणे गावाजवळ तीन किलोमीटर खोल बोअर मारलाय, त्यात १२४७ मीटर नुसता बेसॉल्ट आणि मग एकदम ग्रॅनाइट-नाइस, मधे गाळाचा थरच नाही. कराडला हजारमाचीत त्याची संस्था आहे. म्हणजे कार्डावर ज्याची भेसळ म्हणून नाव येतं ती भिंत असल्याच खडकाची, अडीच अब्ज वर्षांपेक्षा जुनी. भाच्यानं कार्डावर पेनानं सगळ्यात खाली एक रेघ मारून "भिंत" असं लिहिलं.

बाकी किरकोळ. घाटात दोन ठिकाणी वळणावर गाडी थांबवली, मागं ना कोन ना लाल झेंडा, हे धोक्याचं आहे, असलं करू नका. संध्याकाळी एक पोरगा खोक्यात झिओलाइटचे तुकडे घेऊन आला, ३०० ला एक, सकाळी उचलायला बंदी आणि संध्याकाळी विकायला परवानगी हे मला पटलं नाही, घेतले पण नाहीत. ज्यांना गाडी लागते त्यांनी पुढची सीट मागून घ्या आणि नाष्ट्याला मिसळ खाऊ नका. पावसाळ्यात ही सहल घेऊच नका, आंबेनळीत दरडी येतात. लहान मुलांना पसरणीपर्यंत मजा येते, नंतर आकडे सुरू झाले की झोपतात, आमच्या मागच्या सीटवरची दोघं झोपलीच. जरा दहावी-बारावीची पोरं असतील तर जरूर न्या. इंग्लिश शब्द फार वापरतात सर, पण थांबवून विचारलं तर चिडत नाहीत.

रात्री साडेनऊला केंद्रावर पोचलो तर भाऊ आणि दोन गवळी तावातावानं बोलत उभे. भावानं संध्याकाळच्या सॅम्पलच्या दोन बाटल्या अदलाबदल केल्या होत्या, गाईवाल्याला ६.२ फॅट आणि म्हशीवाल्याला ३.६. पिशवी खाली ठेवली, खिशातलं कार्ड टेबलावर ठेवलं, मशीन चालू केलं आणि दोन्ही परत काढून दिली.